नऊ भेटी

मुंबईहून सुटलेली मद्रास मेल तुम्हाला सेंट्रल स्टेशनात उतरवते तेव्हा साल १९८६ आहे, महिना एप्रिलचा. शहराचं नाव चेन्नई व्हायला अजून दहा वर्षं आहेत. भिंतींवरून गॉगल घातलेले मुख्यमंत्री एमजीआर हसताहेत आणि तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय. तमिळ येत नाही म्हणून घाबरू नका, या प्रवासात सगळं समजेल. अट एकच: कुणाच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. मराठी माणसाला ही अट किती जड जाते ते लवकरच कळेल.

रिक्षा एका छोट्या जागेसमोर थांबते. आत टेबल, खुर्च्या, पंखा आणि एक टेलिफोन. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायचा हा काळ आहे. त्यामुळे इथे फोनपेक्षा दार जास्त वाजतं, पत्रंही येतात. संस्थेचं नाव स्नेहा. ती उभी करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पण फोनपाशी बसलेली मंडळी पाहा: कुणी गृहिणी, कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं, कुणी कॉलेजातलं. डॉक्टर कुणीच नाही.

मानसोपचारतज्ज्ञाने डॉक्टरांशिवाय चालणारी जागा काढावी हे जरा विचित्र वाटतं. पण हिशेब करून पाहा. आज, जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही, भारतात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ धड येत नाही. १९८६ ची तर गोष्टच सोडा. शिवाय जीव नकोसा झालेला माणूस ‘वेड्यांच्या डॉक्टर’कडे आपण होऊन जात नाही. घरचे नेत नाहीत आणि शेजारच्यांना कळू देत नाहीत. मग जिथे तो येऊ शकेल अशी जागा हवी: नाव विचारलं जाणार नाही, फी नाही, केसपेपर नाही.

ही कल्पना लंडनहून आलीय. चॅड वारा नावाच्या पाद्र्याने १९३५ मध्ये, धर्मसेवेला नुकती सुरुवात केली असताना, एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी केले. पाळी सुरू झाली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग जडलाय. विचारायला कुणी नव्हतं. तिने जीव दिला. अठरा वर्षांनी, १९५३ मध्ये, या गृहस्थाने लंडनच्या एका चर्चमध्ये फोन ठेवून लोकांना भेटायला बोलावलं. बाहेर थांबलेल्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की बरेच जण चहा देणाऱ्यांशी बोलूनच हलके होऊन घरी जाताहेत, आपल्यापर्यंत पोचतही नाहीत. मोठेपणा असा की त्याला त्याचा राग आला नाही. त्याने सूत्रं त्या चहावाल्यांच्या हाती दिली. त्यातून समॅरिटन्स ही चळवळ उभी राहिली, आणि स्नेहा त्याच कुळातली.

तुम्हाला प्रशिक्षणात बसू देतात. सराव म्हणून एकजण खोटा फोन करतो, तुम्ही उचलायचा. पलीकडून आवाज येतो, ‘मला आता काहीच नको झालंय.’ तुमच्या तोंडून निघून जातं, ‘अहो, असं काय बोलता! पोराबाळांकडे बघा. दिवस जातात हे.’ पलीकडून फोन ठेवला जातो. खोटाच फोन, पण पोटात कालवतं. पुन्हा. या वेळी तुम्ही तुमच्या मामांची गोष्ट सांगता, ते कसे कर्जातून वर आले वगैरे. पुन्हा थांबवतात. तिसऱ्यांदा तुम्ही काहीच बोलत नाही, पलीकडचाही गप्प. ती शांतता वीस-पंचवीस सेकंदांची असेल. तेवढ्यात तुम्ही खुर्चीत तीनदा सरकता.

आणि मग सगळ्यांत अवघड गोष्ट शिकवतात. सरळ विचारायचं: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ तुम्हाला वाटतं, हे काय भलतंच, अशाने नसलेला विचार डोक्यात भरेल. आपल्याकडे आजही शिकलेल्या माणसांना असंच वाटतं. प्रत्यक्षात विचारण्याने विचार पेरला जात नाही हे संशोधनाने पुन्हापुन्हा दाखवलंय. उलट, आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्याने उच्चारलं, तेही न दचकता, याचाच माणसाला आधार होतो. हा प्रश्न तुम्ही आधी मनातल्या मनात म्हणून पाहता. मराठीत तो उच्चारायला आणखी कठीण आहे असं वाटतं, पण तो भ्रम असावा.

साल तेच, जागा बदलू. सरकारी इस्पितळाचा अपघात विभाग. खाटेवर एक तरुण सून, शेजारी सासू, पायाशी पोलीस शिपाई. ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, काय झालं? सासू म्हणते, ‘चुकून प्यायली. अंधारात कळलं नाही.’ सुनेने डोळे मिटून घेतलेत. चुकून झालेलं नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डॉक्टर लिहितो: अपघात. शिपाई जबाब घेतो: अपघात. कारण भारतीय दंडविधानाचं कलम ३०९. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लिहिलेलं कलम. त्यांनी स्वतःच्या देशातला हा गुन्हा १९६१ मध्ये काढून टाकला, आपल्याकडचा तसाच राहिला.

आता या खोट्या शब्दाचा परिणाम बघा. अपघाताच्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण पाठवील? पोट धुतात, सलाईन लावतात, चार दिवसांनी घरी. तिच्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर लिहावं लागेल आणि लिहिलं तर पोलीस केस. ज्या माणसाने नुकताच प्रयत्न केलाय त्याला पुढच्या काही महिन्यांत पुन्हा धोका सर्वाधिक असतो. नेमका तोच माणूस कायद्याच्या भीतीने कागदावरून गायब होतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात डोकावा. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्यापुढे एका पोलीस शिपायाचं प्रकरण आहे. अपघातानंतर त्याचं मन ठिकाणावर नव्हतं, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि सरकारने त्याच्यावर ३०९ लावलं. खंडपीठ ते कलमच घटनाबाह्य ठरवतं; अशा माणसाला उपचार हवेत, कोठडी नको, असा निकालाचा रोख. मद्रासच्या त्या अपघात विभागात या निकालाचा वारा पोचत नाही. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालय हेच म्हणतं, आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांचं घटनापीठ ज्ञान कौर खटल्यात ते फिरवून कलम पुन्हा जिवंत करतं. म्हणजे दहा वर्षं फिरून गाडी होती तिथेच.

नव्वदच्या दशकात तुम्ही डॉ. विजयकुमार यांच्या अभ्यासाबरोबर चेन्नईच्या घरोघर फिरता. आत्महत्येने गेलेल्या शंभर जणांची घरं. त्यांच्याशी ताडून पाहायला वय आणि लिंग जुळणारी शंभर जिवंत माणसं. हे काम कसं चालतं ते नीट पाहा, कारण कागदावर ते फार कोरडं वाटतं. घरात फोटोला हार आहे. पाणी देतात. आधी कुणी बोलत नाही, मग सगळेच एकदम बोलतात. आणि प्रत्येक घरात एक तयार वाक्य असतं: बाप ओरडला म्हणून. लग्न मोडलं म्हणून. पोटदुखी सहन होईना म्हणून. हे वाक्य पोलिसांना सांगितलेलं असतं, पेपरात छापून आलेलं असतं, आणि एव्हाना घरच्यांनाही पटलेलं असतं. मग हळूहळू विचारत गेलं की वाक्याच्या मागचं घर दिसू लागतं. झोप महिनाभर नव्हती. जेवण सुटलं होतं. दारू वाढली होती. आधीही एकदा प्रयत्न झाला होता, तो ‘अपघात’ म्हणून दडवला. काकाही असेच गेले होते.

१९९९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात तीन गोष्टी ठळकपणे समोर येतात: मानसिक आजार, घराण्यातला आजाराचा इतिहास, आणि नजीकच्या काळात बसलेला एखादा धक्का. पहिल्या दोन गोष्टी पाश्चात्त्य देशांतही तशाच सापडल्या होत्या. तरी आपल्या सरकारी आकडेवारीत ‘कारण’ या मथळ्याखाली आजही एकेकच कारण नोंदवलं जातं, आणि आपल्या वर्तमानपत्रांचे मथळेही तसेच. ‘मोबाइल न दिल्याने’, ‘गुण कमी पडल्याने’. वाचणाऱ्या मुलाला ते कारण पुरेसं वाटू लागतं, एवढं तरी संपादकांनी ध्यानात घ्यावं.

इथे सुनामीवर फार थांबता येत नाही. २६ डिसेंबर २००४ नंतर स्नेहाच्या स्वयंसेवकांपैकी काही जण किनाऱ्यावरच्या कोळीवस्तीत महिनोन्‌महिने जात राहिले. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापाशी फक्त बसायला, ऐकायला. वर्षभराने पाहिलं तर ज्यांना ही सोबत मिळाली त्यांचं मन मदत न पोचलेल्यांपेक्षा सावरलेलं होतं. दारी येणाऱ्या सोबतीचा हा धागा लक्षात ठेवा.

आता थोडं मागे, २००३. चेन्नईतलं एक सरकारी रुग्णालय. जागतिक आरोग्य संघटनेने एक अभ्यास काढलाय, तो एकाच वेळी पाच ठिकाणी चालू आहे: ब्राझीलचं कँपिनास, श्रीलंकेचं कोलंबो, इराणचं करज, चीनचं युनचेंग आणि चेन्नई. विचार साधा आहे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्यांचे दोन गट करायचे. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि वर दोन गोष्टी: घरी सोडण्यापूर्वी एक तासाचं बोलणं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा संपर्क. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात. मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात.

तुम्ही एका कार्यकर्तीच्या मागे चालू लागता. पुढे येणारी बाई कल्पनेतली आहे, तिला नाव देत नाही. वेळापत्रक मात्र खरं आहे.

वॉर्डातला तास. कार्यकर्ती खुर्ची खाटेजवळ ओढते. ती सांगते की असं वाटणं हे दुःख असह्य झाल्याचं लक्षण आहे, अनेकांना होतं, पुन्हा होऊ शकतं, तसं झालं तर काय करता येईल आणि कुठे जाता येईल. बाई भिंतीकडे तोंड करून पडलीय. ऐकतेय की नाही कळत नाही.

पहिला आठवडा. दार वीतभर उघडतं. सासू: ‘ती बरी आहे.’ कार्यकर्ती म्हणते, ‘दोन मिनिटं भेटते.’ दोन मिनिटंच मिळतात.

दुसरा आठवडा. बाई विचारते, ‘कुठल्या योजनेचं आहे हे? रेशनकार्ड लागेल का?’ तुम्हाला हसू येतं. गरिबाच्या दारात सरकारी माणूस कागद घेतल्याशिवाय येत नाही हे तिला अनुभवाने ठाऊक आहे.

चौथ्या आठवड्यात नवऱ्याच्या दारूची गोष्ट निघते. तुमची जीभ शिवशिवते: माहेरी जा म्हणावं, पोलिसांत जा म्हणावं. अट आठवते. कार्यकर्तीही गप्प आहे, तिला बहुधा दुप्पट कष्ट पडताहेत. सातव्या आठवड्यात बाई घरी नाही, बहिणीकडे गेलीय. कार्यकर्ती शेजारणीकडे निरोप ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. अकराव्या आठवड्यात बाई आपण होऊन बोलते, आणि ते सगळं भलत्याच विषयावर: कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागावं का, मुलाला कुणाकडे ठेवावं. मग भेटी विरळ होतात. चौथा महिना, सहावा. बाराव्या महिन्यात ती कार्यकर्तीला बजावते, ‘मागच्या खेपेला तू फार उशिरा आलीस.’ अठराव्या महिन्यात ती कामावर निघायच्या घाईत आहे, दारातच उभ्याउभ्या बोलते. एवढंच. यात कुणी काही जादू केली नाही, औषध दिलं नाही, नवरा सुधारला नाही.

पाचही ठिकाणचे मिळून १,८६७ जण या अभ्यासात होते. दीड वर्षाच्या शेवटी नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के आत्महत्येने गेलेले, नऊ भेटींच्या गटात ०.२ टक्के. माणसांत सांगायचं तर अठरा आणि दोन. २००८ मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर भुवया उंचावल्या. मी मात्र इथे थोडा हात आखडता घेईन: पुढे फ्रेंच पॉलिनेशियात अशाच पद्धतीचा प्रयोग झाला तेव्हा ठोस फरक आढळला नाही. बहुधा जिथे नेहमीचे उपचार म्हणजे सलाईन आणि घरी रवानगी एवढंच असतं, तिथे कुणीतरी दारात येण्याचं वजन फार पडतं. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या तमिळनाडूतल्या छावण्यांतही डॉ. विजयकुमार यांच्या चमूने नंतर हेच रूप वापरलं: छावणीतलीच माणसं शिकवून तयार करायची आणि संकटाच्या घडीला काय करायचं याचं छोटं कार्ड हाती द्यायचं.

या साऱ्या कामात डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मिळवलेली दिसते, ती म्हणजे वेळ. श्रीलंकेत विष घेऊन बचावलेल्यांना विचारलं तेव्हा अनेकांनी सांगितलं, मनात आल्यापासून कृती होईपर्यंत अर्धा तासही गेला नव्हता. तो अर्धा तास ताणून एक दिवस केला, महिना केला, तर पुष्कळ माणसं वाचतात. तेवढ्यासाठी त्यांचे सगळे प्रश्न सुटावे लागत नाहीत. हा विचार मनोविकारशास्त्राच्या वर्गातून निघून शिक्षण खात्यात आणि शेतात कसा गेला ते आता पाहा.

निकालाचा दिवस. या शतकाच्या सुरुवातीचं तमिळनाडू. दहावीचा एक मुलगा शाळेच्या भिंतीवरच्या यादीत आपला नंबर शोधतोय, वरून खाली, मग खालून वर. नाही. एका विषयात गेलाय. त्याच्या डोक्यात आता वर्ष आहे. वर्षभर घरी, वर्षभर लोकांचे प्रश्न, वर्षभर बापाची नजर. पंधरा वर्षांच्या मुलाला एक वर्ष किती लांब दिसतं हे आपण विसरलेलो असतो. डॉक्टर आणि स्नेहाची माणसं वर्षानुवर्षं सरकारला सांगत होती की निकालानंतर काही आठवड्यांत पुन्हा परीक्षा घ्या, पास झाला तर त्याच वर्षी पुढच्या वर्गात जाऊ द्या. तमिळनाडूने ते केलं. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, फक्त पुढची परीक्षा वर्षावरून महिन्यावर आली.

अशीच एक गोष्ट १९३० च्या व्हिएन्नात घडून गेली होती. तरुण डॉक्टर व्हिक्टर फ्रांकल याने प्रगतिपुस्तकं वाटायच्या दिवसांत मुलांसाठी फुकट सल्लाकेंद्रं खास जोमाने चालवली आणि पुढच्या वर्षी शहरात एकाही विद्यार्थ्याने जीव दिला नाही, असं त्याने नोंदवून ठेवलंय. निकालाचे दिवस धोक्याचे असतात हे तेव्हापासून माहीत होतं. आपल्याकडे ‘ऑक्टोबरला बसणार’ हे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत दबक्या आवाजात बोललं गेलं. ऑक्टोबरात पास होऊनही अकरावीचं वर्ष हातचं जायचंच. महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला सुरुवात झाली २०१५ मध्ये.

आता गाडी कडलूर जिल्ह्याकडे वळवा. चेन्नईला पाणी पुरवणारा वीरणम तलाव जिथे आहे तो काट्टुमन्नारकोईलचा भाग, साल २०१० च्या आगेमागे. इथली गावं फुलशेती करतात. देवळासाठी, लग्नासाठी, केसांत माळायला लागणारी फुलं. फुलाला डाग चालत नाही, म्हणून फवारणी सारखी. आणि फवारणीचं औषध ठेवायचं कुठे? शेतावर ठेवलं तर चोरीला जातं, महाग असतं. म्हणून घरात, खाटेखाली, डब्यांच्या मागे. रात्री नऊ वाजता भांडण होतं, आणि हात पोचेल तिथे बाटली असते.

डॉक्टरांच्या चमूने इथे काय केलं? फुलशेती करणारी आठ गावं निवडली, त्यांतून चिठ्ठ्या टाकून दोन गावं प्रयोगासाठी घेतली आणि दोन तुलनेसाठी. प्रयोगाच्या गावांत लोकांना बरोबर घेऊन सामायिक कोठारं बांधली. आत बँकेतल्या लॉकरसारखे कुलूपबंद कप्पे, एकेका शेतकऱ्याचे. सकाळी फवारायचंय? जा, काढून आण. उरलेलं परत ठेव. तुम्ही तिथे उभे राहून पाहता तर कंटाळा यावा इतकं साधं दृश्य आहे. एक शेतकरी येतो, कप्पा उघडतो, डबा काढतो, चालू पडतो. दुसरा बाहेर उभा राहून फुलांच्या भावावर बोलतोय. यात मानसोपचार कुठे दिसत नाही. पण रात्री नऊला त्या घरात बाटली नाही. कोठार गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि बंद. तिथवर जायचं, व्यवस्थापकाला उठवायचं, म्हणजे कुणाला तरी तोंड दाखवायचं. लोकांनी ही व्यवस्था स्वीकारली, ती चालू शकते असं अभ्यासात दिसलं. हा छोटा प्रयोग होता, त्यावरून मोठे दावे कुणी करू नयेत. श्रीलंकेत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटण्याचा अवाढव्य प्रयोग झाला, १८० गावं, पन्नास हजारांवर घरं, आणि त्याचा निकाल २०१७ मध्ये आला तेव्हा फरक शून्य. चावी घरातच असेल तर पेटीचा उपयोग नाही.

खरा फरक कशाने पडला ते श्रीलंकेनेच दाखवलंय. सर्वांत जहाल औषधांवर एकामागून एक बंदी. १९९५ मध्ये तिथे लाखामागे ४७ आत्महत्या होत होत्या; २००५ मध्ये २४. शेतीचं उत्पन्न काही बुडालं नाही. केरळने २०११ मध्ये अनेक जहाल कीटकनाशकं बंद केली. आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल: कपाशीवर नुसती फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने मेले. जीव द्यायचा कुणाच्या मनातही नव्हता. तरीही आपली चर्चा कर्जमाफीवर सुरू होते आणि तिथेच संपते. कर्जाचा प्रश्न खोटा नाही, पण डब्यात काय विकलं जातंय हा प्रश्न त्याच्याइतकाच राजकीय आहे आणि सोडवायला कितीतरी स्वस्त.

कायद्याची गोष्ट पूर्ण करून टाकू. डॉक्टर आणि त्यांच्यासारखे अनेक जण ३०९ विरुद्ध तीन दशकं लिहीत-बोलत राहिले. अखेर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. त्याचा मसुदा घडवण्यात पुण्याचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा हात होता. त्यातलं ११५ वं कलम म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि शिक्षेऐवजी त्याची काळजी सरकारने घ्यायची. मे २०१८ मध्ये ते लागू झालं. पण दंडविधानात ३०९ तसंच होतं, आणि ठाण्यातला हवालदार दंडविधान वाचतो, आरोग्य कायदा नाही. १ जुलै २०२४ ला दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ते कलम गेलं. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे, म्हणजे उपोषणाला बसणाऱ्यांनी खबरदार. अपघात विभागात जाऊन विचारा: नातेवाईक आजही ‘चुकून’च म्हणतात. कायदा मेला तरी त्याने लावलेली सवय मेलेली नाही.

तुम्ही आपल्या काळात परत आलात. २०२२ मध्ये देशात आत्महत्येने १,७०,९२४ माणसं गेल्याची नोंद आहे. सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. त्याच वर्षी केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, २०३० पर्यंत मृत्यू दहा टक्क्यांनी घटवायचे म्हणून, आणि टेलि-मानस ही चोवीस तासांची फुकट सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, मराठी निवडता येते. स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी लागला तर असावा म्हणून तो फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

पण फोन आपण होऊन करावा लागतो. नऊ भेटींत दुसरं कुणी येतं. महाराष्ट्रापुरता हिशेब मांडून पाहा. एका आत्महत्येमागे वीस प्रयत्न असा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज आहे; म्हणजे राज्यात वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास माणसं वाचून मागे राहतात. प्रत्येकाला नऊ भेटी, म्हणजे चाळीस लाखांवर भेटी. राज्यात आशा कार्यकर्त्या सत्तर हजारांच्या घरात. भागाकार केला तर एकीच्या वाट्याला आठवड्याला एक भेट आणि वर थोडं. आशाताईंच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणं, क्षय आणि सतराशे साठ सर्वेक्षणं आधीच आहेत, आणि त्यांना हक्काच्या मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं. तेव्हा हे काम फुकटात त्यांच्या यादीत घुसवायची कल्पना कुणी काढलीच तर ती आधी हाणून पाडायला हवी. रीतसर पैसे देऊन, रीतसर शिकवून एका जिल्ह्यात दीड वर्ष करून पाहायला मात्र कुठल्या मोठ्या समितीची गरज नाही. यवतमाळपासून सुरुवात करता येईल.